अध्ययनशैलीची कल्पना आणि वर्गातील डिजिटल साधने

प्रशिक्षणवर्गांतील व्याख्यानांतून, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून आणि शैक्षणिक साहित्याच्या जाहिरातींतून एक कल्पना गेली अनेक वर्षे शिक्षकांच्या कानी पडत आहे. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून शिकतात, तर काही हाताने करून शिकतात. सबब प्रत्येक मुलाची शैली आधी ओळखावी व तिला अनुरूप असेच शिक्षण त्यास द्यावे, असे या कल्पनेचे सार आहे. या तीन प्रकारांस दृक्, श्राव्य व कृतिप्रधान अशी नावे देण्यात येतात. शाळांतून टॅब, स्मार्ट टीव्ही व प्रोजेक्टर येऊ लागल्यापासून या कल्पनेस नवे बळ मिळाले आहे. पाहणाऱ्यास चित्रफीत, ऐकणाऱ्यास ध्वनिफीत आणि करणाऱ्यास पडद्यावरील खेळ अशी वाटणी यंत्रामुळे आता सहज करता येईल, असे सांगण्यात येते. ग्रामीण शाळेतील शिक्षकाने ही कल्पना कितपत स्वीकारावी, आणि शाळेत आलेली साधने कोणत्या कसोटीवर वापरावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ही कल्पना शिक्षकांस आवडावी यात नवल नाही. वर्गातील मुले एकसारखी नसतात, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? एकाच ठशाने सर्वांस शिकविण्याचा जो कंटाळवाणा प्रघात पडला होता, त्याविरुद्धची तक्रार या कल्पनेत आहे, आणि ती तक्रार रास्तच आहे. परंतु तक्रार रास्त असली म्हणजे तीवर सुचविलेला उपायही योग्यच असतो, असे नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ज्ञानेंद्रियांच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार जुना आहे आणि अध्ययनशैलीची कल्पना त्याहून अगदी निराळी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा चित्र आणि शब्द त्याने एकाच पानावर, एकाच मुलासाठी ठेवले होते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे शिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंचे शैक्षणिक साहित्य बनविण्यात आले, ते सर्व मुलांच्या सर्व इंद्रियांसाठी होते. हे मूल डोळ्यांचे व ते मूल कानांचे, अशी वाटणी या थोर मंडळींनी केली नाही. वाटणीची भाषा पुष्कळ नंतरची आहे. तिचे आज सर्वाधिक प्रचलित असलेले रूप न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी १९९२ साली मांडले. त्यात पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे व करणे असे चार प्रकार होते. विद्यार्थ्याने स्वतःच्या अभ्यासाविषयी विचार करण्यास प्रवृत्त व्हावे, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. पुढे मात्र त्या प्रश्नावलीचा उपयोग मुलांवर शिक्के मारण्यासाठी होऊ लागला.

शैलींच्या या प्रकारांविषयी तज्ज्ञांचे तरी एकमत आहे काय? इंग्लंडमध्ये फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांस अध्ययनशैलींच्या ७१ निरनिराळ्या मांडण्या आढळल्या. एकाच मुलाचे ७१ तऱ्हांनी वर्गीकरण होऊ शकत असेल, तर त्यांतील कोणती तऱ्हा गुरुजींनी खरी मानावी?

याहून महत्त्वाचा आढावा २००८ सालचा होय. हॅरॉल्ड पॅश्लर व त्यांचे तीन सहकारी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी असा प्रश्न उपस्थित केला की, शैलीनुसार शिकविल्याने लाभ होतो हे सिद्ध करण्यास कोणता पुरावा लागेल? त्यांनी घातलेली अट शेतीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ज्वारीचे दोन वाण आहेत. पहिला काळ्या भारी जमिनीस मानवतो व दुसरा हलक्या मुरमाड जमिनीस मानवतो, असा विक्रेत्याचा दावा आहे. हा दावा तपासावयाचा तर दोन्ही वाण दोन्ही जमिनींत, म्हणजे एकूण चार वाफ्यांत, पेरून पाहिले पाहिजेत. भारी जमिनीत पहिला सरस आणि हलक्या जमिनीत दुसरा सरस ठरला, तरच जमीन पाहून वाण निवडण्यास अर्थ आहे. एकच वाण दोन्हीकडे सरस ठरला, तर शेतकऱ्याने तोच पेरावा, हे उघड आहे. शिक्षणाच्या बाबतीतही तसेच आहे. 'दृक्' म्हटलेल्या मुलास चित्रावरून चांगले समजले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. कारण 'श्राव्य' म्हटलेल्या मुलासही त्याच चित्रावरून तितकेच चांगले समजले असण्याचा संभव आहे. या अटीस उतरणारे प्रयोग त्या आढाव्यात फारच थोडे निघाले, आणि जे निघाले त्यांतील काहींचा निष्कर्ष तर या कल्पनेच्या अगदी उलट होता. मुलांस विशिष्ट रीत आवडते, हे खरे आहे. आवडत्या रीतीने शिकविल्यास ती अधिक शिकतात, हे मात्र दिसून आलेले नाही.

या भ्रमात केवळ आपले शिक्षक आहेत, असे कोणी समजू नये. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंग्लंडमधील ९३ टक्के व हॉलंडमधील ९६ टक्के शिक्षक ही कल्पना खरी मानणारे आढळले.

एखादी निरुपद्रवी समजूत असती, तर तीवर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु या समजुतीचा उपद्रव प्राथमिक शाळेतच सर्वांत अधिक होतो. इयत्ता तिसरीतील एखादा मुलगा वाचताना अडखळतो, पण गोष्ट ऐकविली की तिच्यावरील प्रश्नांची उत्तरे चटकन देतो. शिक्षक सद्‍हेतूनेच त्यास 'श्राव्य' ठरवितात आणि त्याच्या हाती ध्वनिफीत देतात. मुलगा रमतो, उत्तरे देतो, शिक्षकांसही समाधान वाटते. दोन वर्षांनी तो पाचवीत जातो. तेथे गणितातील शाब्दिक उदाहरण त्यास वाचता येत नाही, परिसर अभ्यासाचे पान वाचता येत नाही, आणि आता ते वाचून दाखविण्यास कोणी रिकामे नाही. ज्या कौशल्याचा त्यास सर्वांत अधिक सराव हवा होता, त्यातूनच त्यास सूट देण्यात आली. वाचन ही शैली नव्हे. ते प्रत्येक मुलास द्यावयाचे कौशल्य आहे, आणि ते ज्यास अवघड जाते त्यास अधिक वेळ द्यावयाचा असतो.

'कृतिप्रधान' या शिक्क्याविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे. हा शिक्का कोणाच्या कपाळी बसण्याचा संभव अधिक, याचा विचार करावा. शिक्षकाच्या किंवा ग्रामसेवकाच्या मुलास तो सहसा बसणार नाही. त्याच्या घरी पुस्तके व वर्तमानपत्रे असतात व तो वाचनास सरावलेला असतो. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणारी मुलगी किंवा घरी भिली, गोंडी अथवा पावरी बोलणारा मुलगा वर्गात पुस्तकापुढे गप्प बसतो. मातीकाम आले की त्याचा चेहरा खुलतो. त्यावरून 'यास हातानेच शिकवावे' असे ठरविणे म्हणजे कष्टकऱ्याच्या मुलास पुस्तकापासून दूर ठेवण्याच्या जुन्या रूढीला नव्या शास्त्राचे नाव देणे होय. त्या मुलास पुस्तक शाळेने दिले नाही, तर ते देणारे दुसरे कोणी नाही.

आणखी एक गोष्ट अनुभवी शिक्षकांच्या ध्यानात आलेली असेल. मागच्या बाकावरील मूल फळ्याकडे लक्ष देत नाही, पण कान देऊन ऐकते. ते 'श्राव्य' नसून त्यास चष्मा हवा असण्याची शक्यता असते. तसेच नुसत्या सूचनेने गोंधळणाऱ्या व शेजाऱ्याचे पाहून काम करणाऱ्या मुलाचा कान वाहत असू शकतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याखालील वैद्यकीय पथक शाळेत तपासणीसाठी येते, तेव्हा अशा मुलांची नावे आधीच काढून ठेवावीत आणि ती त्या दिवशी गैरहजर राहणार नाहीत अशी व्यवस्था करावी. ज्या मुलांस दृष्टिदोष, श्रवणदोष किंवा वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमता आहे, त्यांस २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने संरक्षण दिले आहे. त्यांची गरज खरी आहे; तिला शैली म्हणून तिची बोळवण करणे अन्यायाचे होईल.

मग पाठाचे साधन कशावरून निवडावे? मुलाच्या तथाकथित प्रकारावरून नव्हे, तर पाठ्यघटकाच्या स्वरूपावरून. जिल्ह्याच्या नकाशात नद्या व तालुके कोठे आहेत हे सर्वांनी डोळ्यांनीच पाहिले पाहिजे. ध्वनिफितीतून नकाशा समजत नाही, मग मूल कितीही 'श्राव्य' असो. 'चहा'तील च आणि 'चाका'तील च यांतील भेद, किंवा ल व ळ यांचे उच्चार, कानांनी ऐकून व तोंडाने म्हणूनच येतात. तेथे चित्राचा उपयोग नाही. पाव, अर्धा व पाऊण यांचा बोध भाकरी किंवा कागद प्रत्यक्ष दुमडून, कापून होतो. मात्र कापाकापीवरच थांबल्यास अपूर्णांकाचे गणित येणार नाही. कापलेला तुकडा, त्याचे चित्र, 'पाव' हा शब्द आणि एक छेद चार हे लेखन ही चारही रूपे एकामागून एक व एकमेकांशी जोडून प्रत्येक मुलापुढे आली पाहिजेत. दिवस व रात्र शिकविताना अंधाऱ्या खोलीत विजेरी व चेंडू घेऊन मुलांस हाताने चेंडू फिरवू द्यावा. त्यानंतरच आकृती काढावी. अनेक इंद्रियांचा उपयोग करावा, परंतु तो सर्व मुलांसाठी करावा.

मुलांतील भेद त्यामुळे नाहीसे होतात असे मात्र नाही. भेद आहेत, पण ते मुख्यत्वे पूर्वज्ञानाचे, घरच्या बोलीचे आणि उपस्थितीचे आहेत. शिकणाऱ्यास आधीपासून काय ठाऊक आहे ते पाहून पुढे शिकवावे, हे तत्त्व डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली आग्रहाने मांडले होते. हातच्याची वजाबाकी न येणाऱ्या मुलास भागाकाराची चित्रफीत दाखविली काय आणि तो तोंडी सांगितला काय, फरक पडत नाही. त्यास वजाबाकीपासूनच सुरुवात करून दिली पाहिजे.

डिजिटल साधनांस हीच कसोटी लावावी. जे वर्गात आणता येत नाही, ते दाखविण्यासाठी पडद्यासारखे साधन नाही. गडचिरोलीच्या मुलाने समुद्राची भरती पाहिलेली नसते, रत्नागिरीच्या मुलाने काळ्या रानातील कपाशीची वेचणी पाहिलेली नसते, आणि ज्वालामुखी तर कोणीच पाहिलेला नसतो. तेथे तीन मिनिटांची चित्रफीत अर्ध्या तासाच्या वर्णनाचे काम करते. प्रमाण मराठीतील शुद्ध व ठसठशीत वाचन ऐकविणे, हेही ध्वनिफितीचे मोठे उपयुक्त काम होय. उलट मटकीला मोड येताना पाहण्यास प्रोजेक्टर कशाला हवा? ओले फडके व मूठभर मटकी खिडकीत ठेवली की तिसऱ्या दिवशी वर्ग आपोआप तिच्याभोवती जमतो. पडद्यावर तीच क्रिया अर्ध्या मिनिटात उरकते, परंतु वाट पाहणे, पाणी शिंपडणे आणि एखादी मटकी का मोडली नाही याची चर्चा करणे, या गोष्टी तीत नसतात.

चित्रफीत दाखविण्याच्या रीतीविषयी अमेरिकेतील रिचर्ड मेयर यांनी दीर्घकाळ प्रयोग केले. त्यांचे बहुतेक प्रयोग मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांवर झाले असले, तरी त्यांतील काही निष्कर्ष वर्गात सहज पडताळून पाहता येतात. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द व चित्र एकत्र आल्यास अधिक समजते. मागे वाजणारे संगीत व उगाच नाचणारी चित्रे लक्ष विचलित करतात. चित्र चालू असताना बोललेलीच वाक्ये पडद्यावर जशीच्या तशी उमटत राहिली, तर डोळ्यांवर दुहेरी भार पडतो. सलग चाललेल्या फितीपेक्षा थांबत थांबत दाखविलेली फीत अधिक पचते. यास्तव शिक्षकाने फीत आधी स्वतः पाहावी, थांबण्याच्या दोन-तीन जागा टाचणवहीत लिहून ठेवाव्या, आणि नवे शब्द तेवढे फळ्यावर लिहून द्यावेत. घरची बोली निराळी असलेल्या मुलांस या शब्दांचा विशेष आधार वाटतो.

परंतु फीत संपली म्हणजे पाठ संपला असे नव्हे. बहुतेक ठिकाणी येथेच चूक होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळच्या अभ्यासात पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या वेळीच तो वाचला आणि नंतर तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारा गट पुढे होता. त्यास ८३ टक्के मजकूर आठवला, तर दुसऱ्यास ७१ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. वाचणाऱ्यांस ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांस ६१ टक्के. पाहणे व ऐकणे सोपे वाटते, म्हणून समजले असे वाटते. ते टिकते आठवण्याने. आपल्या जुन्या शाळांतील उजळणीत हे तत्त्व होते, मात्र सर्वांनी एका सुरात म्हणताना न येणारे मूल त्या सुरात लपून जात असे.

त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. फीत बंद करावी, प्रश्न विचारावा, आणि प्रत्येक मुलाने उत्तर पाटीवर लिहून पाटी एकदम वर धरावी. तीस मुलांच्या तीस पाट्या शिक्षकास एका दृष्टिक्षेपात दिसतात. कोण चुकले, कोणी शेजाऱ्याचे पाहिले, कोणाची पाटी कोरी आहे, हे सर्व कळते. पटावर तीस मुले व शाळेत दोन टॅब असतील, तर पाटी हेच अधिक उपयुक्त साधन होय. आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा विचारण्यास विसरू नये.

दोन शिक्षकी शाळेची अडचण वेगळी आहे, आणि तीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. एका शिक्षकाकडे तीन इयत्ता असताना एका इयत्तेस टीव्हीपुढे बसवून दुसरीस शिकविणे भाग पडते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र त्या मुलांस बसविण्यापूर्वी दोन प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत आणि वरच्या वर्गातील एका मुलीस उत्तरे गोळा करण्याचे काम सोपवावे. प्रश्न न देता लावलेला टीव्ही हा केवळ मुलांस शांत बसविण्याचा उपाय ठरतो.

साधनाचे खरे मोल ते मुलापर्यंत पोहोचण्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोड जोडले व २०२० साली त्यांस ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्याच वर्षी करोनामुळे शाळा बंद असताना सोलापूर शहरातील नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले, कारण पुष्कळ मुलांच्या घरी तसा मोबाइलच नव्हता. एकाने कोड वापरला, दुसऱ्यांनी रंगाचा डबा. दोन्ही ठिकाणी मुलास काय मिळेल हे आधी पाहण्यात आले. युनेस्कोच्या २०२३ सालच्या जागतिक अहवालातही असे नमूद आहे की, शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या लाभाविषयीचा बराचसा पुरावा ते विकणाऱ्यांकडूनच येतो. एखाद्या ॲपमधील दहा प्रश्नांवरून मुलाची शैली कळते, असे कोणी सांगू लागल्यास हे स्मरावे. त्या दहा प्रश्नांनी मुलाची आवड कळते, आणि तीही त्या दिवसाची.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. 'दीक्षा'वरील फिती मोबाइलमध्ये उतरवून ठेवता येतात. जेथे रेंज मिळते तेथे आदल्या दिवशी हे काम उरकावे, म्हणजे वर्गात चक्र फिरत राहून मुले जांभया देत बसणार नाहीत. पत्र्याच्या छपराच्या व दोन्ही बाजूंनी उजेड येणाऱ्या खोलीत प्रोजेक्टरचे चित्र दिसत नाही. गोणपाटाचा पडदा पुरतो. वीज गेल्यास हाच पाठ फळ्यावर कसा घ्यावयाचा, हे टाचणात आधीच लिहिलेले असावे. चोरीच्या भीतीने टॅब कपाटात कुलूपबंद राहतात आणि जडवस्तुसंग्रह नोंदवहीत तेवढे दिसतात, ही तक्रार अनेक शाळांत ऐकू येते. यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करून जबाबदारी वाटून घेणे हा मार्ग आहे.

वर्णनात्मक नोंदी लिहिताना 'दृक् अध्ययनार्थी', 'श्राव्य अध्ययनार्थी' असे शब्द वापरू नयेत. असल्या नोंदीवरून पुढील वर्गाच्या शिक्षकास काही करता येत नाही. त्याऐवजी 'जोडाक्षरे वाचताना अडखळतो. र-काराची जोडाक्षरे अद्याप येत नाहीत', 'ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगते, लिहिताना दोन वाक्यांपुढे जात नाही', 'नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीमुळे गैरहजर. भागाकार झालेला नाही', 'फळ्यावरील दिसत नाही, पुढे बसविले आहे, चष्म्यासाठी पथकास कळविले आहे' अशा नोंदी कराव्या, आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख घालावी.